साडेअकरा रुपयांचा मतदार

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे. जानेवारी २०२२ मध्ये ही मर्यादा ठरली. स्वारगेटच्या दक्षिणेस पसरलेल्या पर्वतीसारखा एखादा शहरी मतदारसंघ घेतला आणि त्यात साडेतीन लाख मतदार आहेत असे धरले, तर दर मतदारामागे सुमारे साडेअकरा रुपये पडतात. साध्या पत्राला पाच रुपयांचे तिकीट लागते. उमेदवाराने प्रत्येक मतदाराला दोन पत्रे पाठवायची ठरवली तर ३५ लाख रुपये टपालातच जातील. उरलेल्या पाच लाखांत त्याने कागद, छपाई, मांडव, ध्वनिक्षेपक, रिक्षा आणि कार्यकर्त्यांचा चहा भागवायचा.

हा हिशेब मनात ठेवून निवडणुकीच्या दिवसांतले स्वारगेट आठवून पाहावे. जेधे चौकाच्या चारही अंगांना फलक लागलेले असतात, उड्डाणपुलाखालून प्रचाराच्या गाड्या फिरत असतात आणि एस.टी. स्थानकातून ‘प्रासंगिक करारा’च्या गाड्या सुटत असतात. त्यांतल्या काही मतदानयंत्रे आणि कर्मचारी यांच्यासाठी असतात, काही सभांसाठी. जवळच सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे मैदान आहे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी तेथे पंतप्रधानांची प्रचारसभा झाली. आपल्या डोळ्यांसमोरचे हे सारे साडेअकरा रुपयांत बसते, असे मानणारा माणूस पुण्यात सापडणे अवघड आहे. तरीही निकालानंतर ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवार खर्चाचा हिशेब सादर करतो, आणि तो मर्यादेत बसलेला असतो. नुसता बसलेला नव्हे, ऐसपैस बसलेला असतो. २०१४ साली लोकसभेची मर्यादा मोठ्या राज्यांत ७० लाख रुपये होती. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने निवडून आलेल्या खासदारांचे हिशेब तपासले तेव्हा सरासरी घोषित खर्च निघाला सुमारे ४० लाख, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम ५८ टक्के. मर्यादा फार तोकडी आहे अशी तक्रार सर्वच पक्ष करतात, आणि तीच मर्यादा त्यांना पुरून उरते!

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या दस्तऐवजाकडे एकदा वाङ्मयप्रकार म्हणून पाहायला हरकत नाही. त्याचे संकेत ठरलेले आहेत. जिल्हा निवडणूक अधिकारी चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, फलक यांचे दरपत्रक जाहीर करतात. निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते काढावे लागते. खर्च निरीक्षकांची पथके आपली समांतर नोंदवही ठेवतात. तपशिलांची ही रेलचेल वास्तववादी कादंबरीला शोभावी अशी आहे, आणि वास्तववादी कादंबरीप्रमाणेच येथेही तपशिलाचे काम विश्वास निर्माण करण्याचे असते. फरक एवढाच की कादंबरी वाचणाऱ्याला ती कादंबरी आहे हे सांगितलेले असते.

हे मी गमतीने लिहीत असलो तरी प्रश्न गमतीचा नाही. जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका समारंभात गोपीनाथ मुंडे यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला आठ कोटी रुपये खर्च झाल्याचे जाहीरपणे सांगितले. त्या वेळी मर्यादा होती २५ लाखांची. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, मुंडे यांनी खुलासा दिला आणि प्रकरण तेथेच राहिले. त्यांच्या बोलण्याने धक्का बसला तो रकमेमुळे नव्हे. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी मोठ्याने उच्चारली, यामुळे बसला.

दुसरे उदाहरण भोकरचे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी पानेच्या पाने काही मराठी दैनिकांत ‘बातमी’ म्हणून आली. काही मजकूर तर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा होता. पी. साईनाथ यांनी हे उघडकीला आणले. चव्हाण यांच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि दूरचित्रवाणीवर ६,००० रुपये एवढाच खर्च दाखवला होता. हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले ते मे २०१४ मध्ये. जुलैत आयोगाने चव्हाण यांच्या विरोधात निष्कर्ष काढला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. न्यायालयाने चव्हाण यांच्या बाजूने निर्णय दिला, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. माझे लक्ष जाते ते तारखांकडे. २००९ च्या हिशेबाचा निकाल लागेपर्यंत त्या विधानसभेची मुदतच संपत आली होती.

कायद्याची रचनाच अशी आहे. मर्यादेबाहेरचा खर्च हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यामुळे निवडणूक रद्द होऊ शकते. पण त्यासाठी कोणी तरी निवडणूक याचिका दाखल करावी लागते, आणि तीही निकालापासून ४५ दिवसांत. हिशेब सादर करायला मुदत ३० दिवसांची. म्हणजे हिशेब पाहून, तपासून, पुरावे गोळा करून न्यायालयात जायला उरतात १५ दिवस. जायचे कोणी? मतदाराला तो हक्क आहे, पण उच्च न्यायालयातला दावा चालवण्याचे बळ त्याच्याजवळ नसते. पराभूत प्रतिस्पर्ध्याजवळ असते. पण बहुधा त्यालाही स्वतःचा हिशेब न्यायालयात उलगडला जावा असे वाटत नाही.

या रचनेला मोठे भगदाड पडले ते १९७४ साली. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे, असा निर्णय त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात दिला. निकालाची शाई वाळण्याच्या आत सरकारने वटहुकूम काढला आणि पुढे कायदा बदलून पक्षाचा व मित्रांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळला. २००३ च्या दुरुस्तीने हे भगदाड पुष्कळसे बुजवले. आता मंचावर उमेदवार असेल तर सभेचा खर्च त्याच्या नावे लावला जातो. पण पक्षाने पक्षाचा म्हणून केलेला सर्वसाधारण प्रचार आणि प्रमुख प्रचारकांचा विमान-हेलिकॉप्टरचा प्रवास आजही हिशेबाबाहेर आहे. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घालण्याची कल्पना ज्या ब्रिटनमध्ये १८८३ साली कायद्यात आली, त्या ब्रिटनने २००० साली पक्षांच्या खर्चालाही मर्यादा घातली. आपण पहिला अर्धा भाग घेतला आणि तेथेच थांबलो.

परिणाम असा झाला आहे की ४० लाखांची मर्यादा प्रामाणिक उमेदवाराला कमी पडते आणि इतरांना ती लागूच होत नाही. ज्याच्यामागे श्रीमंत पक्ष नाही, ज्याला खोट्या हिशेबावर सही करायची नाही, त्यालाच ती नडते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पैशाने निवडणूक जिंकता येते हे खरे आहे काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वारगेटच्या उत्तरेकडच्या कसबा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. पैसे वाटले जात असल्याचा आरोप करून काँग्रेसचे उमेदवार रवींद्र धंगेकर मतदानाच्या आदल्या दिवशी कसबा गणपतीसमोर उपोषणाला बसले. भाजपने आरोप नाकारला. त्या आरोपातील तथ्य काहीही असो, निकालाने एवढे दाखवले की जवळजवळ तीन दशके एका पक्षाकडे असलेली जागा, राज्यातली सत्ता त्याच पक्षाच्या हाती असतानाही, हातची जाऊ शकते. मतदार पैसे घेऊनही हवे त्यालाच मत देतो, असे म्हणणारे अनेक जण भेटतात. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पैसा विजयाची हमी देत नाही. पण तो आधीच्या पायरीवर काम करतो: कोणी उभे राहायचे हे ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आलेल्या आमदारांपैकी २८६ जणांच्या प्रतिज्ञापत्रांचे विश्लेषण वर उल्लेखिलेल्या संस्थेने केले. त्यांतले २७७ कोट्यधीश निघाले. मतदाराने आपले स्वातंत्र्य कितीही जपले तरी ते त्याला या यादीच्या आतच वापरायचे असते.

पुणे हे याबाबतीत आठवणींचे शहर आहे. १९५७ साली नानासाहेब गोरे आणि १९६७ साली एस. एम. जोशी येथून लोकसभेवर गेले. दोघेही साध्या राहणीचे समाजवादी. ज्यांच्या नावाने स्वारगेटचा चौक ओळखला जातो त्या केशवराव जेध्यांनी १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीचा प्रचार केला तो छत्रपती मेळ्याच्या पदांतून, पुस्तिकांतून आणि सभांतून. १९२५ साली त्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा फुले यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला, तोही याच बळावर. मात्र या आठवणींनी फार हळवे होऊ नये. १९२५ चा मतदार हा मालमत्ता असलेला, कर भरणारा मोजका माणूस होता, आणि जेधे घराण्याचा पितळी भांड्यांचा व्यवसाय होता. पैसा तेव्हाही लागत होता. पण शाहिराचा डफ आणि हाताने लावलेली भित्तिपत्रके यांच्या बळावर उभे राहता येत होते, एवढे मात्र खरे.

आता उभे राहणे महाग झाले आहे, आणि ते आपोआप झालेले नाही. जवळचेच उदाहरण पाहा. पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. १६५ जागांसाठी ४१ प्रभाग होते. ४० प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. २०११ च्या जनगणनेनुसार एका प्रभागाची लोकसंख्या सरासरी ८५ हजारांच्या आसपास भरते. खर्चाची मर्यादा होती दर उमेदवारामागे १५ लाख रुपये, म्हणजे चौघांच्या पॅनेलला ६० लाख. हाच प्रभाग एकसदस्यीय असता तर २१ हजार लोकसंख्येचा झाला असता. चार गल्ल्यांत ओळख असलेली शिक्षिका किंवा रिक्षाचालक तेवढा प्रभाग दोन आठवड्यांत पायी पालथा घालू शकतो. ८५ हजारांच्या प्रभागात ते शक्य नाही. तेथे गाड्या लागतात, फलक लागतात, मजुरीवर माणसे लागतात आणि मग पक्षाचे पॅनेल लागते. प्रभागरचनेवर आपण राजकीय लाभ-हानीच्या अंगाने पुष्कळ बोलतो; ती खर्चाची रचना आहे हे सहसा बोलत नाही.

या बदलाची नोंद भाषेनेही घेतली आहे. ‘कार्यकर्ता’ हा शब्द मराठीत एके काळी विचाराने बांधलेल्या, पदरमोड करणाऱ्या माणसासाठी होता. आज प्रचारफेरीत चालणाऱ्याला रोजाने किती मिळतात याची चर्चा त्याच शब्दाने होते. ‘वाटप’ हा शब्द जमिनीच्या किंवा धान्याच्या संदर्भातून उठून मतदानाच्या आदल्या रात्रीला चिकटला आहे. या भाषेत वाढलेल्या विद्यार्थ्याला राजकारण म्हणजे गुंतवणूक आणि परतावा असे वाटले, तर दोष त्याला देता येणार नाही.

परताव्याचा हा प्रश्नच सर्वांत गंभीर आहे, आणि त्याचा इतिहास मुंबईच्या उच्च न्यायालयात वाचायला मिळतो. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करण्याची परवानगी मागितली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांनी ती कायद्यानुसार दिली, पण अशा देणग्यांचा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा घोटला जाईल, असा इशाराही निकालपत्रात लिहून ठेवला. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पक्षांना पैसा उभारण्याचा दुसरा मार्ग मात्र कोणी दिला नाही, त्यामुळे व्यवहार टेबलाखाली गेला. १९८५ साली बंदी उठली. दरम्यान जानेवारी १९८२ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी, सिमेंटचे वाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांना पद सोडावे लागले. २०१७ साली कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली. जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले, ज्यांत देणारा कोण हे मतदाराला कळण्याची सोयच नव्हती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी हे दोन्ही बदल घटनाबाह्य ठरवले. निकाल ऐतिहासिक आहे यात शंका नाही. पण त्याने एक झाकण उघडले, भांडे तसेच आहे. पैशाची गरज कमी झालेली नाही. ती रोखीकडे वळणार. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभेच्या आचारसंहितेत, खेड-शिवापूर टोलनाक्यावर एका मोटारीत पाच कोटी रुपये सापडले होते. स्वारगेटहून साताऱ्याकडे जाणारी प्रत्येक एस.टी. त्या नाक्यावरून जाते.

मग करावे काय? सरकारी तिजोरीतून निवडणूक खर्च हा उपाय नेहमी सुचवला जातो. १९९८ साली इंद्रजित गुप्ता समितीने त्याचा पुरस्कार केला, मात्र पैसा रोख न देता वस्तू आणि सोयींच्या रूपाने द्यावा असे म्हटले. त्याआधी, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने १९७५ साली पक्षांचा खर्च हिशेबात धरावा आणि पक्षांच्या जमाखर्चाची तपासणी व्हावी, असे सुचवले होते. त्या समितीचे अध्यक्ष न्या. वि. म. तारकुंडे आपल्या सासवडचे. पन्नास वर्षे झाली, मुख्य शिफारस तेथेच आहे. मला वाटते, क्रम महत्त्वाचा आहे. पक्षांच्या खर्चाला मर्यादा घातल्याशिवाय सरकारी पैसा दिला, तर तो आधीच्या पैशात भर म्हणून जाईल. म्हणून आधी पक्षाच्या खर्चाची मर्यादा. मग पक्ष आणि उमेदवार यांचा हिशेब निकालानंतर नव्हे, प्रचार चालू असतानाच, दर आठवड्याला सर्वांना पाहता येईल असा. याचिकेची ४५ दिवसांची मुदत हिशेब प्रसिद्ध झाल्यापासून मोजली जावी. त्यानंतर सोयी: महापालिकेच्या शाळा आणि सभागृहे सर्व उमेदवारांना पाळीने विनामूल्य, ठरलेल्या जागी सारख्या आकाराचे फलक, प्रत्येक घरी उमेदवारांची माहिती देणारी एक सरकारी पुस्तिका. ज्या दोन पत्रांत ३५ लाख गेले, त्यांतले एक तरी अशा रीतीने सर्वांच्या वतीने जाईल. आणि उमेदवाराची मर्यादा वाढवायची असेल तर ती यानंतर, खऱ्या खर्चाच्या आधारे वाढवावी.

उरतो पैसा कोठून यावा हा प्रश्न. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१७ पासून एक प्रयोग चालवला. शहराच्या निवडणुकीत प्रत्येक पात्र नागरिकाला २५ डॉलरची चार कुपने मिळतात आणि ती आवडत्या उमेदवाराला देता येतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, टिळकांनी तिला बळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. १९१६ साली टिळकांना षष्ट्यब्दीनिमित्त लोकांनी एक लाखाची थैली दिली; ती त्यांनी राष्ट्रकार्याला अर्पण केली. जो अनेकांकडून थोडे थोडे घेतो तो अनेकांचा देणेकरी होतो, आणि अनेकांचे देणे कंत्राट देऊन फेडता येत नाही. छोट्या, नोंदलेल्या देणगीइतकीच रक्कम सरकारने घालावी, मोठ्या देणगीला काही घालू नये, अशी व्यवस्था महापालिकेच्या निवडणुकीपासून करून पाहता येईल.

शेवटी शिक्षक आणि विद्यार्थी वाचकांसाठी एक मुद्दा. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका महाराष्ट्रात १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा सुरू करण्याची तरतूद केली, पण अंमलबजावणी लांबतच राहिली. विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने २००६ साली घातलेली अट वाचण्यासारखी आहे: उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, आणि छापील भित्तिपत्रके नाहीत, फक्त हाताने लिहिलेली. पैशावाचून मत मागायचे तर आपले म्हणणे चार ओळींत नेमके लिहिता आले पाहिजे आणि वर्गात उभे राहून सांगता आले पाहिजे. हे शिकवणे भाषेच्या शिक्षकाचेच काम आहे. कायदे दिल्लीत बदलायचे तेव्हा बदलतील. आपल्या महाविद्यालयात अशी एक निवडणूक घ्या, अशी मागणी करायला मात्र कायद्याची वाट पाहावी लागत नाही.